जेलीच्या ठोकळ्यात छर्रा किती आत शिरतो? एअरगनला खेळणं म्हणण्याआधी हे गणित बघा

जत्रेतला फुग्यांचा स्टॉल आठवतो का? लाकडी फळीवर ओळीने लावलेले रंगीत फुगे, समोर एक जुनी एअरगन आणि दहा-वीस रुपयांत मिळणारे चार-पाच छर्रे. नेम चुकला की नळी मुद्दाम वाकडी केलेली आहे, याबद्दल सगळ्या मित्रांचं एकमत. महाराष्ट्रातल्या बहुतेकांची एअरगनशी पहिली ओळख अशीच झालेली असते. त्यामुळे एअरगन म्हणजे फुगे फोडायचं खेळणं हे डोक्यात पक्कं बसतं आणि पुढेही तसंच राहतं.

आता जत्रेतून थेट निफाडच्या द्राक्षबागेत या. घड भरायला लागले, मण्यात साखर उतरली की पाखरांची धाड पडते. पोपट, बुलबुल, साळुंक्या. शेतकरी जाळी लावतो, चमकीच्या पट्ट्या बांधतो, डबे वाजवतो, फटाके लावतो. पूर्वी माळ्यावर बसून गोफण फिरवायचे. हल्ली काही ठिकाणी गोफणीच्या जागी एअरगन आली आहे. कोणी विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, ‘नुसतं हाकलायला आहे हो, त्यानं काय होतंय!’

त्यानं नेमकं काय होतं, हे दाखवणारे व्हिडिओ तुमच्या मोबाइलवर कधी ना कधी येऊन गेले असतील. टेबलावर पारदर्शक जेलीचा ठोकळा. धप्प असा आवाज. ठोकळा थरथरतो आणि आत एक बारीक रेघ उमटते. मग फूटपट्टी लावून कोणी सांगतो, ‘इतके इंच!’ खाली कमेंटमध्ये दोन तट पडतात. एक म्हणतो ही तर माणूस मारेल, दुसरा म्हणतो जेलीत काय, सुईसुद्धा जाते.

दोघांच्याही म्हणण्यात थोडं तथ्य आहे. जेलीतली ती रेघ कशी वाचायची हे कळलं, तर एअरगनबद्दलचे बरेच समज-गैरसमज सुटतात.

जेलीच का?

गोळी शरीरात गेल्यावर काय करते, हा प्रश्न डॉक्टरांना आणि सैन्याला फार जुना. माणसावर प्रयोग करता येत नाही. लाकडाची फळी, ओली माती, भिजवलेल्या कागदांचे गठ्ठे हे सगळं वापरून झालं. स्वित्झर्लंडचे शल्यविशारद थिओडोर कोखर, ज्यांना १९०९ साली वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जिलेटिन आणि साबणावर गोळ्या झाडून पाहिल्या होत्या. थायरॉइडच्या शस्त्रक्रियेसाठी जग त्यांना ओळखतं, पण गोळीच्या जखमांचा शास्त्रीय अभ्यास सुरू करणाऱ्यांतही त्यांचं नाव येतं.

जिलेटिन म्हणजे जनावरांच्या हाडं-कातड्यातल्या कोलॅजेनपासून काढलेलं प्रथिन. आपल्या स्नायूंमध्ये भरपूर पाणी आणि त्याला धरून ठेवणारं प्रथिनांचं जाळं असतं. जिलेटिनच्या जेलीतही तेच असतं. म्हणून गोळीला ती जवळपास स्नायूसारखाच विरोध करते. शिवाय ती पारदर्शक असल्यामुळे गोळीचा मार्ग डोळ्यांनी दिसतो.

पण ‘जवळपास’ म्हणजे किती? हे मोजून पक्कं केलं ते अमेरिकी सैन्यातले शल्यविशारद मार्टिन फॅकलर यांनी. व्हिएतनाम युद्धात त्यांनी गोळ्यांच्या जखमांवर शस्त्रक्रिया केल्या होत्या. पुढे १९८० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोच्या लेटरमन संशोधन संस्थेत त्यांनी डुकराच्या मांडीच्या स्नायूतली गोळीची खोली आणि जिलेटिनमधली खोली ताडून पाहिली. १० टक्के जिलेटिन, तापमान ४ अंश सेल्सिअस, हे मिश्रण स्नायूशी सर्वांत चांगलं जुळतं असं त्यांच्या प्रयोगातून पुढे आलं.

या जेलीला खरं महत्त्व आलं एका चकमकीनंतर. ११ एप्रिल १९८६ ला मायामीत एफबीआय आणि दोन दरोडेखोरांमध्ये गोळीबार झाला. त्यात एफबीआयचे दोन एजंट मारले गेले. एका दरोडेखोराला सुरुवातीलाच लागलेली ९ मिलिमीटरची गोळी हृदयापर्यंत पोहोचायच्या आधी थांबली होती आणि तो त्यानंतरही गोळ्या झाडत राहिला. गोळी किती खोल जायला हवी, यावर मग एफबीआयने तज्ज्ञ बसवले आणि जेलीत निदान १२ इंच, म्हणजे सुमारे ३० सेंटीमीटर, असा निकष आला. आज जगभरचे पोलीस आणि गोळ्या बनवणाऱ्या कंपन्या याच जेलीत चाचण्या करतात.

आणि ही जेली तपासतात कशाने? एअरगनने!

इथे गोष्ट फिरते. जिलेटिन ही काही कारखान्यातून मापात निघणारी लोखंडी पट्टी नव्हे. एका पोत्यातलं वेगळं, दुसऱ्यातलं वेगळं. थोडं जास्त तापवलं, थोडं कमी गार केलं, की ठोकळा बदलतो. मग आजचा ठोकळा बरोबर आहे हे प्रयोगशाळेला कसं कळणार?

त्यासाठी खरी गोळी झाडण्याआधी त्याच ठोकळ्यात एअरगनने एक छर्रा मारतात. तो ४.५ मिलिमीटरचा गोल पोलादी छर्रा असतो. त्याला बीबी म्हणतात. त्याचं वजन सुमारे ०.३५ ग्रॅम आणि वेग सेकंदाला सुमारे १८० मीटर. ठोकळा बरोबर जमला असेल तर हा छर्रा ८.५ सेंटीमीटर आत जाऊन थांबतो. एखादा सेंटीमीटर इकडे-तिकडे चालतं. त्याहून खोल गेला तर जेली मऊ, कमी गेला तर घट्ट. तो ठोकळा बाद.

म्हणजे एअरगनचा छर्रा जेलीत किती शिरतो, याचं उत्तर चाळीस वर्षांपासून लिहून ठेवलेलं आहे. घरी ठोकळा बनवून नव्याने शोधायची गरजच नाही. हा आकडा जेली तपासण्यासाठी ठरवला होता, एअरगनची ताकद दाखवण्यासाठी नव्हे. म्हणूनच तो जास्त विश्वासाचा.

आता शाळेतलं सूत्र काढा. अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग. ०.३५ ग्रॅम आणि १८० मीटर प्रतिसेकंद टाकले की उत्तर येतं सुमारे ५.७ ज्यूल. हा आकडा लक्षात ठेवा.

भारतात शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे ४.५ मिलिमीटरपेक्षा मोठ्या नळीच्या किंवा २० ज्यूलपेक्षा जास्त ऊर्जेच्या एअरगनला परवाना लागतो. त्याच्या आतल्या बंदुकीला लागत नाही. म्हणजे ज्या छर्ऱ्याने स्नायूसारख्या जेलीत साडेआठ सेंटीमीटर खोल भोक पाडलं, त्याची ऊर्जा परवाना न लागणाऱ्या मर्यादेच्या एक तृतीयांशाहूनही कमी होती. ‘परवाना लागत नाही, म्हणजे लागली तरी काही होत नाही’ हा हिशेब इथेच कोसळतो. कायद्याने ही रेघ शस्त्र कोणतं यासाठी मारलेली आहे, सुरक्षित काय यासाठी नाही.

इतर देशांत ही रेघ कुठे आहे? जर्मनीत ७.५ ज्यूल. ब्रिटनमध्ये एअर रायफलसाठी १२ फूट-पाउंड, म्हणजे साधारण १६ ज्यूल. २०२२ साली कैरोच्या जागतिक स्पर्धेत ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने १० मीटर एअर रायफलमध्ये सुवर्णपदक जिंकलं. या प्रकारातल्या रायफलींची ऊर्जाही साडेसात-आठ ज्यूलच्या घरात असते. अर्ध्या मिलिमीटरच्या ठिपक्यावर नेम धरणाऱ्या खेळाडूला याहून जास्त ताकद लागत नाही. मात्र त्या रेंजवर छर्रा अडवणारा लोखंडी सापळा असतो, मध्ये कोणी येणार नाही याची शिस्त असते. बागेत यातलं काही नसतं.

पाच-सहा ज्यूल म्हणजे किरकोळच की!

आकडा ऐकायला किरकोळच आहे. क्रिकेटचा लेदर बॉल १६० ग्रॅमचा धरा, ताशी १०० किलोमीटरने आला तर त्याची ऊर्जा ६० ज्यूलच्या वर जाते. म्हणजे त्या छर्ऱ्याच्या दहापट. तरी बॉल लागला की काळंनिळं होतं, भोक पडत नाही.

फरक क्षेत्रफळाचा आहे. बॉलचा व्यास सव्वासात सेंटीमीटरच्या आसपास, छर्ऱ्याचा साडेचार मिलिमीटर. म्हणजे व्यास सोळापट कमी आणि समोरचं क्षेत्रफळ सुमारे अडीचशे पट कमी. ऊर्जा एक दशांश असली, तरी ती अडीचशे पट लहान जागेवर पडते. दर चौरस मिलिमीटरचा हिशेब काढला तर छर्रा बॉलपेक्षा वीसपटीहून जास्त भारी पडतो. दाभण आणि वरवंटा यांच्यात जो फरक, तोच इथे.

मात्र हाच हिशेब दुसऱ्या बाजूनेही बघायला हवा, कारण व्हिडिओवाले इथेच फसवतात. रायफलची गोळी जेलीत गेली की ठोकळा आतून फुग्यासारखा फुलतो, मोठी पोकळी होते आणि क्षणात मिटते. एअरगनच्या छर्ऱ्याने असं काही होत नाही. तो जवळजवळ स्वतःच्याच जाडीचं भोक पाडत जातो. स्लो मोशनमध्ये ठोकळा हलताना भयंकर दिसतो खरा, पण जेली ही जेली आहे, ती टिचकी मारली तरी हलते. छर्ऱ्याचा धोका फाडण्यात नाही, पोहोचण्यात आहे. त्या अरुंद वाटेवर नुसता स्नायू आला तर माणूस वाचतो, बरा होतो. डोळा, मोठी रक्तवाहिनी, लहान मुलाची छाती किंवा कानशील आलं तर नाही.

घरची जेली, आणि निफाडची थंडी

आता घरगुती ठोकळ्याकडे. कृती कागदावर सोपी दिसते. एक भाग जिलेटिन, नऊ भाग पाणी, दोन्ही वजनाने. म्हणजे ५०० ग्रॅम जिलेटिनला साडेचार लिटर पाणी. गार पाण्यात भुकटी हळूहळू भुरभुरून टाकायची, दोन तास फ्रिजमध्ये फुगू द्यायची, मग भांडं गरम पाण्यात ठेवून विरघळवायची. फेस काढून साच्यात ओतायची आणि दीड दिवस ४ अंशांवर ठेवायची. बुरशी लागू नये म्हणून प्रयोगशाळेत दालचिनीच्या तेलाचे काही थेंब टाकतात. त्यामुळे शस्त्रांच्या प्रयोगशाळेला मिठाईच्या दुकानासारखा वास येत असणार, हे वेगळं सांगायला नको.

गडबड होते ती प्रत्येक पायरीवर.

पहिली चूक बाजारातच होते. किराणा दुकानात ‘जेली’ म्हणून मिळणाऱ्या पाकिटात बहुतांश साखर असते. कोणी चायना ग्रास आणतं. चायना ग्रास समुद्री शेवाळातून येतं. त्याची जेली कडक पण ठिसूळ होते, छर्रा लागला की तडकते. स्नायू तडकत नाही. खरं जिलेटिन आणलं तरी त्याची प्रत पाहावी लागते. जिलेटिनची ताकद ब्लूम या एककात मोजतात. ठराविक मिश्रणाच्या थंड जेलीत एक छोटा दट्ट्या ४ मिलिमीटर रुतवायला किती ग्रॅम वजन लागतं, तो आकडा म्हणजे ब्लूम. चाचणीसाठी २५० ब्लूमच्या आसपासचं जिलेटिन वापरतात. बेकरीवाल्याकडच्या साध्या भुकटीचा ब्लूम बरेचदा कमी असतो आणि पाकिटावर लिहिलेलाही नसतो.

दुसरी चूक गॅसवर. लवकर विरघळावं म्हणून मिश्रण उकळलं की संपलं. फॅकलर यांनी १९८८ साली यावरच लिहिलं होतं. जास्त उष्णतेने जिलेटिनच्या लांब साखळ्या तुटतात आणि गार झाल्यावर ठोकळा दिसायला तसाच पण आतून कमकुवत होतो. ४० अंशांच्या वर जाऊच नये असा नियम आहे. हाताला सोसेल इतपत कोमट, बस.

तिसरी चूक तापमानाची, आणि इथे निफाडचा विषय निघणं साहजिक आहे. नाशिक जिल्ह्यात हिवाळ्याची बातमी आली की पहिलं नाव निफाडचं असतं. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा पाच अंशांच्या खाली उतरला, असं दर दोन-तीन वर्षांनी वाचायला मिळतं. द्राक्षमण्यांना तडे जातील म्हणून शेतकरी बागेत पहाटे शेकोट्या पेटवतात, पाणी सोडतात. अशा पहाटे जेलीचा ठोकळा अंगणात ठेवला तरी तो प्रमाणित तापमानाच्या जवळ राहील. तोच ठोकळा एप्रिलच्या दुपारी फ्रिजमधून बाहेर काढला तर बाहेरून मिनिटागणिक मऊ होत जातो आणि तिशी-पस्तिशीच्या तापमानाला तर चक्क पातळ होतो. प्रयोगशाळेतही ठोकळा बाहेर काढल्यावर वीस-तीस मिनिटांत काम उरकतात.

म्हणजे एकच बंदूक, एकच छर्रा, पण जानेवारीतला व्हिडिओ आणि मेमधला व्हिडिओ वेगळी खोली दाखवेल. दोघंही ‘माझी बंदूक भारी’ म्हणून भांडतील आणि फरक खरा फ्रिजचा असेल.

म्हणून व्हिडिओ पाहताना दोनच गोष्टी बघा. ठोकळ्याचं तापमान सांगितलंय का? आणि आधी ठरलेल्या वेगाचा पोलादी बीबी मारून ८.५ सेंटीमीटरचा पडताळा घेतलाय का? दोन्ही नसेल तर फूटपट्टीवरचा आकडा करमणूक म्हणून घ्या. काही जण खनिज तेलापासून बनवलेली कृत्रिम पारदर्शक जेली वापरतात. ती फ्रिजशिवाय टिकते, वितळवून पुन्हा वापरता येते, दिसतेही छान. पण तिच्यातली खोली आणि थंड जिलेटिनमधली खोली एकच मानता येत नाही.

घराच्या गच्चीवर किंवा परसात हा प्रयोग करावा का, याचं उत्तर मात्र सरळ ‘नाही’ आहे. छोट्या ठोकळ्यातून छर्रा आरपार जातो. पोलादी बीबी भिंतीवर किंवा दगडावर आपटून उलट येतो, आणि तो बरेचदा झाडणाऱ्याच्याच चेहऱ्याकडे येतो.

जेलीत नसतं ते

‘जेलीत काय, सुईसुद्धा जाते’ म्हणणाऱ्याचं थोडं बरोबर आहे असं वर म्हटलं, ते कातडीमुळे. जेलीला कातडी नाही. आपली कातडी ताणली जाते, लवते, आणि हळू आलेल्या छर्ऱ्याला परतवून लावते. न्यायवैद्यक तज्ज्ञ व्हिन्सेंट डिमायो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली हेच मोजलं. ४.५ मिलिमीटरच्या, अर्ध्या ग्रॅमच्या शिसाच्या छर्ऱ्याला माणसाची कातडी भेदायला सेकंदाला सुमारे १०० मीटर वेग लागतो, असं त्यांना आढळलं. त्याखाली छर्रा आपटतो, वळ उठवतो, पण आत जात नाही. जेलीत मात्र त्याहून कमी वेगाचा छर्राही आरामात शिरतो. म्हणून मरतुकड्या वेगाच्या एअर पिस्तुलाचा जेलीतला व्हिडिओ दिसतो तितका भयानक नसतो.

पण जरा गणित पुढे न्या. अर्ध्या ग्रॅमच्या छर्ऱ्याला २० ज्यूल ऊर्जा द्यायची तर त्याचा वेग होतो सेकंदाला सुमारे २८० मीटर. कातडीच्या उंबरठ्याच्या पावणेतीन पट. हवेत छर्रा लवकर मंदावतो. डमरूसारख्या कमरेच्या शिसाच्या छर्ऱ्याची ऊर्जा चाळीस-पन्नास मीटरवर साधारण निम्मी होते. पण ऊर्जा निम्मी झाली म्हणजे वेग निम्मा होत नाही, तो साधारण सत्तर टक्के उरतो. म्हणजे पन्नास मीटरवरसुद्धा तो छर्रा कातडी भेदायच्या वेगाच्या जवळपास दुप्पट वेगात असू शकतो. डोळ्याची गोष्ट तर वेगळीच. डोळ्याला कातडीसारखं संरक्षण नाही, तिथे याहून कितीतरी कमी वेग पुरतो.

छर्ऱ्याच्या टोकालाही महत्त्व आहे. स्पर्धेतले छर्रे सपाट तोंडाचे असतात, कागदावर स्वच्छ गोल भोक पडावं म्हणून. ते जेलीत लवकर थांबतात. घुमटाकार आणि टोकदार छर्रे जास्त खोल जातात. पोलादी बीबी चेपत नाही, त्यामुळे हलका असूनही आत शिरतो. बंदूक तीच, डबी बदलली की खोली बदलली.

एक खुलासा इथेच उरकायला हवा. काश्मीरमध्ये २०१६ साली ज्या ‘पेलेट गन’मुळे अनेकांचे डोळे गेले, ती एअरगन नव्हती. ती दारूच्या काडतुसावर चालणारी पंप ॲक्शन शॉटगन होती आणि एका बारात शेकडो छर्रे सुटत. मराठीत दोन्हीला ‘छर्ऱ्याची बंदूक’ म्हणतात, म्हणून सोशल मीडियावर दोन्हींचे फोटो एकमेकांत मिसळलेले दिसतात.

मांडवाखाली कोण आहे?

परत निफाडला. द्राक्षाचा मांडव डोक्याएवढ्या उंचीवर असतो आणि पानं दाटलेली असतात. हंगामात पेठ, सुरगाणा, दिंडोरीकडून आलेले मजूर त्याच मांडवाखाली घड विरळत, खुडत असतात. पाखरू बसतं मांडवावर, नेम धरला जातो तिरका किंवा वर, आणि पानांआड कोण आहे हे बंदूकवाल्याला दिसतच नाही. वर सुटलेला छर्राही दोन-तीनशे मीटर जाऊ शकतो. निफाडच्या वस्तीच्या मानाने तेवढ्या अंतरात शेजाऱ्याची बाग, मळ्यातलं घर आणि शाळेची वाट सगळं येतं. कोणाला इजा झाली तर ‘पाखरासाठी झाडला होता’ हा बचाव उपयोगाचा नाही. निष्काळजीपणे दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५ खाली गुन्हा आहे, आणि मृत्यू झाला तर कलम १०६.

आणि पाखराचं काय? पोपटाचं वजन शंभर-सव्वाशे ग्रॅम. साडेआठ सेंटीमीटरचा हिशेब त्याला लावायची गरजच पडत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये शिकारीच्या व्याख्येत फक्त मारणं नाही, जखमी करणंही येतं. बंदुकीला परवाना लागत नाही म्हणून पक्ष्यावर झाडायचा परवाना मिळाला असं होत नाही. हे दोन वेगळे कायदे आहेत आणि लोक नेमकी हीच गल्लत करतात.

निफाड तालुक्यात तर हा मुद्दा आणखी नाजूक आहे, कारण गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळ नांदूर मध्यमेश्वर आहे. १९८६ पासूनचं अभयारण्य, शंभर चौरस किलोमीटरचं, आणि २०२० मध्ये रामसर यादीत गेलेलं महाराष्ट्रातलं पहिलं पाणथळ. हिवाळ्यात तिथे येणारे स्थलांतरित पक्षी आणि पिकायला लागलेली द्राक्षं यांचा हंगाम एकच. अभयारण्याच्या हद्दीत परवानगीशिवाय शस्त्र घेऊन जाण्यालाच बंदी आहे. आत शिकार केली तर तीन ते सात वर्षं कैद होऊ शकते.

एअरगन आणि पक्षी यांचा सगळ्यात मोठा हिशेब ईशान्येत मांडला गेला. अरुणाचल प्रदेशात मार्च २०२१ मध्ये लुमडुंग गावातून ‘एअरगन सरेंडर अभियान’ सुरू झालं. घराघरात असलेल्या एअरगन लोकांनी स्वतःहून सरकारकडे जमा कराव्यात, असं आवाहन होतं. दोन हजारांहून जास्त बंदुका जमा झाल्या. तिथेही सुरुवातीचा समज हाच होता, की एवढ्याशा छर्ऱ्याने जंगलाचं काय बिघडणार. जंगलं शांत झाल्यावर ते लोकांच्या लक्षात आलं.

छर्रा लागलाच तर

बाहेरून जखम फसवी असते. मसुराएवढं भोक, दोन थेंब रक्त. घरचे हळद लावून पट्टी बांधतात, आणि मुलगा बापाच्या भीतीने सांगतच नाही. पण आत काय झालं ते भोकावरून कळत नाही, हे त्या ठोकळ्यातल्या रेघेने दाखवलेलं आहे. तोंडाशी बारीक, आत लांब.

म्हणून चिमटा घेऊन छर्रा उकरायचा नाही. छाती, पोट, मान, डोकं यातल्या कुठल्याही जागी लागला असेल तर मूल खेळत असलं तरी दवाखान्यात न्यायचं आणि एक्स-रे काढायचा. छर्रा धातूचा असल्याने एक्स-रेत लख्ख दिसतो. कधी तो लागलेल्या जागी सापडतच नाही, कारण रक्तवाहिनीत शिरून रक्ताबरोबर दुसरीकडे वाहून गेलेला असतो. अशा केसेस वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत. डोळ्याला लागला असेल तर डोळा चोळायचा नाही, पाण्याने धुवायचा नाही, दाबून पट्टी बांधायची नाही. कागदी कपाचा तळ उलटा करून डोळ्याभोवतीच्या हाडावर टेकेल असा अलगद चिकटवायचा आणि थेट नेत्रतज्ज्ञाकडे जायचं.

शक्य असेल तर छर्ऱ्यांची डबीसुद्धा सोबत न्यायची. शिसाच्या छर्ऱ्याला चुंबक ओढत नाही, पोलादी बीबीला ओढतं. डोळ्यात किंवा मेंदूजवळ पोलादी छर्रा असताना एमआरआय केला, तर यंत्राचं चुंबक तो आतल्या आत हलवू शकतं. एक्स-रेवर दोन्ही सारखेच पांढरे ठिपके दिसतात, म्हणून हा फरक डॉक्टरांना डबीवरूनच चटकन कळतो.